शाहिराची ‘ती’

रीलवर नऊवारी, घुंगरू आणि ढोलकी दिसली की आपण लगेच लाइक ठोकतो. पण लावणीत ‘मी’ म्हणून बोलणारी बाई बहुतेक वेळा पुरुषाने लिहिलेली असते, हे आपल्या डोक्यातही येत नाही. अशी बाई लिहिणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव आपल्या सोलापूरचं आहे : शाहीर राम जोशी.

जन्म साधारण १७६२चा. घर शास्त्र-पुराणाचं. मोठा भाऊ मुद्गल विद्वान, गावात त्याला मान. धाकट्या रामचं लक्ष मात्र धोंडी शाहिराच्या फडाकडे. ब्राह्मणाचा पोरगा तमाशाला जाऊन बसतो, वर लावण्याही रचतो, म्हटल्यावर घरात काय झालं असेल! भावाने त्याला बाहेर काढलं. राम पंढरपूरला गेला, पाध्यांकडे संस्कृत शिकला, कीर्तन करू लागला. आणि तरीही लावणी सुटली नाही. घरच्यांसाठी एक डिग्री आणि मनासाठी भलतंच काहीतरी, हा प्रकार आपल्या पिढीने शोधलेला नाही.

ते संस्कृत मग लावणीत उतरलं. यमकांचा पाऊस, शब्दांची उडी, पंडितांनाही मान डोलवायला लावणारी रचना. त्याची सगळ्यात गाजलेली लावणी एका सुंदर स्त्रीचं वर्णन करते. तिचं रूप, नटणं, दागिने, सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. तिच्या मनात काय चाललंय ते मात्र कळत नाही. ऐकायला झकास आहे, पण त्यात बघणारा कायम तो आणि दिसणारी कायम ती.

त्या काळच्या लावणीत दुसरी एक बाईही भेटते, ती जास्त खरी वाटते. नवरा मुलूखगिरीवर उत्तरेत गेलाय, महिनोन्‌महिने पत्ता नाही, आणि ही घरात तळमळतेय. ती रुसते, भांडते, शरीराची ओढ उघड बोलून दाखवते. चारचौघांत जे बोलायची सोय नव्हती, ते लावणीत तिच्या तोंडी आलं. पण ऐकायला समोर बसलेले बहुतेक पुरुष, त्यातले कितीतरी शिपाईगडी. आपल्यामागे कुणीतरी झुरतंय, हे त्यांना ऐकायचंच असणार! आणि फडात बाईचं सोंग घेऊन नाचायचा तो अनेकदा मिसरूड न फुटलेला पोरगा. म्हणजे लिहिणारा, नाचणारा, ऐकणारा, सगळे पुरुष.

हे फक्त आपल्याकडचं नाही. राम जोशीच्या आधी साधारण हजार वर्षं, चीनमध्ये ली बाय नावाच्या कवीने सीमेवर लढायला गेलेल्या शिपायांच्या बायका लिहिल्या. शरदातल्या चांदण्या रात्री त्या कपडे कुटत बसतात आणि नवरे कधी परततील ते विचारतात. तिथेही कवी पुरुष, आवाज बाईचा. गंमत म्हणजे चिनी कवितेत नवऱ्याने टाकलेली बायको हे कधीकधी राजाची मर्जी गमावलेल्या मंत्र्याचंच रूप असायचं. म्हणजे बाईचं दुःखसुद्धा उसनं घेतलेलं.

राम जोशीच्या आयुष्यात खरी बाईही होती. बया नावाची कलावंतीण त्याच्यासोबत फडात होती, असं सांगतात. आपल्यापर्यंत ती पोचली ती त्याच्या गोष्टीतली नायिका म्हणूनच. मला विचाराल तर राम जोशीच्या दहा लावण्यांच्या बदल्यात बयाचं एक पान मिळालं, तरी मी लगेच घेईन.

बारामतीच्या मोरोपंतांनी त्याची प्रतिभा ओळखली आणि त्याला कीर्तनाकडे वळवलं, अशी आख्यायिका आहे. पुढे मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेण्यात राम जोशीचा मोठा वाटा होता. पंडिताचं काव्य गावोगाव पोचवलं ते तमाशातल्या शाहिराने! दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यातही त्याचं नाव झालं. १८१३च्या सुमारास तो गेला.

१९४७ मध्ये ‘राजकमल’ने ‘लोकशाहीर राम जोशी’ हा सिनेमा काढला. पटकथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं. राम जोशी झाले जयराम शिलेदार आणि बया झाली हंसा वाडकर. सिनेमा तुफान चालला. या सिनेमातही बयाचे संवाद पुरुषानेच लिहिलेले होते. पण पुढे हंसाबाईंनी स्वतःचं आयुष्य स्वतःच्या तोंडाने सांगितलं, दारू, संसार, फसवणूक, काहीही न झाकता. त्या पुस्तकाचं नाव ‘सांगत्ये ऐका’. श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ त्यावरूनच आला.