गिअर हद्दपार करणारा लोहारपुत्र

हॉलंड हा बहुतांशी सपाट देश. घाट नाहीत, वळणावळणाचे उतारही फारसे नाहीत. तरीही मोटारीने उतार कसा उतरावा, या प्रश्नाचे उत्तर तेथील एका लोहाराच्या मुलाला शोधावे लागले. ह्यूब व्हान डोर्न हे त्यांचे नाव. १ जानेवारी १९०० रोजी लिम्बुर्ग प्रांतातील अमेरिका नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला.

१९२८ मध्ये आइंडहोवन येथे बिअरचा कारखाना असलेल्या एका धनिकाच्या पाठबळावर त्यांनी लहानसे वर्कशॉप थाटले. धाकटे बंधू विम व्यवहार पाहू लागले. पुढे ट्रेलर आणि १९४९ पासून ट्रक बनवू लागलेली ही कंपनी 'डाफ' या नावाने युरोपभर ओळखली गेली. एवढ्यावर दुसरा कोणी उद्योजक समाधानी झाला असता; पण ह्यूब यांचा जीव हिशेबापेक्षा यंत्रात अधिक रमणारा होता.

फेब्रुवारी १९५८ मध्ये अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात त्यांनी 'डाफ ६००' ही छोटी मोटार सादर केली. तिला क्लच पेडल नव्हते, बदलायला गिअर नव्हते. रबरी पट्ट्यांवर फिरणाऱ्या कप्प्या वेगानुसार रुंद-अरुंद होत आणि गिअरचे प्रमाण सलग बदलत राही. ही योजना म्हणजे 'व्हेरिओमॅटिक'. ही मोटार उलट दिशेनेही तितक्याच वेगाने धावू शके, त्यामुळे हॉलंडमध्ये पुढे मागे धावण्याच्या शर्यतीच भरवल्या गेल्या!

खरी अडचण उतारावर होती. एरवी चालक खालचा गिअर टाकतो आणि इंजिनच वेगाला आवर घालते. ब्रेक तापत नाहीत. इथे टाकायला गिअरच नव्हता. शिवाय कप्प्यांची हालचाल काही अंशी इंजिनातील निर्वातावर अवलंबून होती. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की निर्वात वाढे आणि यंत्रणा वरच्या गिअरसारख्या स्थितीकडे सरके. सपाट रस्त्यावर त्यामुळे इंधन वाचत असे. उतारावर मात्र नेमक्या गरजेच्या वेळी इंजिन सुस्तावे आणि सारा भार ब्रेकवर येई. जो गुण, तोच दोष. त्यावर उपाय म्हणून डॅशबोर्डवर एक कळ देण्यात आली. ती दाबली की निर्वाताचा परिणाम उलटा होई, कप्प्या खालच्या प्रमाणात येत, इंजिनचे फेरे वाढत आणि गाडी आपोआप रोखली जाई. कप्पी-पट्ट्याचे हेच तत्त्व आपल्याकडे १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडासारख्या गिअरविरहित स्कूटरमध्ये दिसते. मात्र अशी कळ तिथे नाही, आणि घाट उतरताना ते जाणवतेच.

डाफच्या मोटारीची वृद्धांची गाडी म्हणून चेष्टा झाली. १९६८ च्या लंडन-सिडनी शर्यतीत ती उतरली, तरी हा शिक्का पुसला गेला नाही. अखेर १९७५ मध्ये मोटार विभागाची सूत्रे स्वीडनच्या व्होल्वोकडे गेली.

ह्यूब मात्र पट्ट्याला चिकटून राहिले. रबर ताणले जाते, झिजते. म्हणून ओढण्याऐवजी ढकलणारा पोलादी पट्टा घडवण्याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यासाठी १९७२ मध्ये स्वतंत्र कंपनी उभी राहिली. २३ मे १९७९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा तो पट्टा बाजारात यायचा होता. १९८७ मध्ये तो सुबारू, फोर्ड आणि फियाटच्या छोट्या मोटारींत बसला. डॅशबोर्डवरच्या त्या कळीचे काम पुढे संगणकाने आपल्याकडे घेतले.