रेझियाच्या खोऱ्यातला भाषापंडित

डिसेंबर १९२२. स्वतंत्र पोलंडच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाची निवड करण्यासाठी वॉर्सामध्ये संसदेची दोन्ही सभागृहे एकत्र बसली होती. रिंगणात पाच उमेदवार होते. त्यांपैकी चौघे राजकारणाशी या ना त्या नात्याने जोडलेले होते. पाचवे मात्र ७७ वर्षांचे, निवृत्तीचे वय केव्हाच ओलांडलेले भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. निवडून येण्याची त्यांना काडीचीही आशा नव्हती. तरीही पहिल्या फेरीत त्यांच्या पारड्यात १०३ मते पडली. युक्रेनी, बेलारूसी, ज्यू आणि जर्मन अशा अल्पसंख्य समाजांच्या प्रतिनिधींनी या पोलिश पंडिताला आपला उमेदवार केले होते. यान बोदुएन द कुर्तने हे त्यांचे नाव. हा विश्वास त्यांनी कसा मिळवला याचा शोध घेऊ लागले, की वाट जाते ती आल्प्सच्या एका चिमुकल्या खोऱ्यात आणि तिथल्या मूठभर माणसांच्या बोलीत.

बोदुएन द कुर्तने यांचा जन्म १३ मार्च १८४५ रोजी वॉर्साजवळच्या रदझिमिन या गावी झाला. घराणे मूळचे फ्रेंच सरदारांचे. पूर्वज पोलंडमध्ये येऊन स्थायिक झाले आणि पुढे पुरते पोलिश होऊन गेले. पोलंडचे तेव्हा तीन साम्राज्यांनी लचके तोडले होते आणि वॉर्सावर रशियन झारची सत्ता होती. तरुण यान ज्या उच्च विद्यालयात शिकले, तिथे पोलिश भाषेतून अध्यापन होई. १८६३ चे बंड चिरडल्यानंतर झारशाहीने पोलिश भाषेवर जे वरवंटे फिरवले, त्याखाली ही संस्थाही सापडली. १८६९ मध्ये ती बंद होऊन तिच्या जागी रशियन विद्यापीठ आले. सत्ता भाषेला कशी गिळते, याचा अनुभव बोदुएन यांना ऐन विशीत आला तो असा.

पदवीनंतर प्राग, येना आणि बर्लिन अशी त्यांची ज्ञानयात्रा झाली. बर्लिनमध्ये संस्कृतचे विख्यात पंडित आल्ब्रेख्त वेबर यांच्याकडे त्यांनी वैदिक संस्कृतचे धडे गिरवले. त्या काळी युरोपात भाषाभ्यास म्हणजे जुन्या पोथ्यांचा अभ्यास, असेच समीकरण होते. बोदुएन यांचा ओढा मात्र जिवंत माणसाच्या तोंडच्या भाषेकडे होता. सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांना इझमाइल स्रेझ्नेव्हस्की हे गुरू लाभले. स्रेझ्नेव्हस्की १८४१ मध्ये ईशान्य इटलीतील रेझिया खोऱ्यात जाऊन आले होते आणि तिथल्या स्लाव्ह लोकांविषयी त्यांनी लिहिलेही होते. तीस वर्षांनी त्यांचा शिष्य त्याच वाटेने निघाला.

रेझियाचे खोरे फ्रिउली प्रांतात, आजच्या स्लोव्हेनियाच्या सीमेला लागून आहे. पूर्वेला अडीच हजार मीटरांहून उंच कानिन पर्वताची भिंत. तिच्यापलीकडे स्लोव्हेनी भाषकांचा मुख्य प्रदेश. खोऱ्याचे तोंड उघडते ते पश्चिमेला, फ्रिउली आणि इटालियन बोलणाऱ्यांच्या मुलखात. डोंगराने भाऊबंदांपासून तोडलेल्या या लोकांची बोली शतकानुशतके आपल्याच वळणाने वाढली. घरात रेझियन, बाजारात फ्रिउली, कचेरीत इटालियन. आणि चाकू-सुऱ्यांना धार लावण्यासाठी किंवा फेरीवाल्याच्या धंद्यासाठी ऑस्ट्रियाच्या मुलखात हिंडणाऱ्यांच्या जिभेवर थोडीफार जर्मनही. १८६६ मध्ये हा प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. राज्य बदलले, चुलीपाशी बोलली जाणारी बोली मात्र तीच राहिली.

१८७२ मध्ये बोदुएन यांनी स्लोव्हेनी बोलींचा अभ्यास करण्यासाठी भ्रमंती सुरू केली आणि १८७३ मध्ये ते रेझियात पोहोचले. गावोगाव बसून शेतकरी, कारागीर, म्हातारेकोतारे यांच्या तोंडून गोष्टी, आठवणी, साधी संभाषणे ऐकायची आणि उच्चारातली बारीकशी छटाही निसटणार नाही अशा लिपीत ती उतरवून घ्यायची, हा त्यांचा परिपाठ. ध्वनिमुद्रणाचे यंत्र अजून जन्माला यायचे होते. कान आणि लेखणी हीच काय ती साधने. बिला, न्यिवा, ओसोयाने आणि सोल्बित्सा या गावांची बोली एकाच खोऱ्यात असूनही वेगवेगळी असल्याचे त्यांनी नोंदवले. या बोलीतले काही स्वर जणू श्वासात बुडून, दबक्या आवाजात उमटतात, हे वैशिष्ट्य त्यांनी शास्त्रीय काटेकोरपणाने मांडले. इतर स्लोव्हेनी बोलींतून लुप्त झालेली भूतकाळाची काही जुनी क्रियारूपेही इथे जिवंत होती. रेझियन बोलींच्या ध्वनिविचारावरील त्यांचा ग्रंथ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी त्यांनी रेझियन बोलीतली एक ख्रिस्ती प्रश्नोत्तरीही छापून प्रसिद्ध केली.

या ग्रंथात त्यांनी काढलेला एक निष्कर्ष पुढे टिकला नाही. शब्दातील स्वर एकमेकांच्या मेळाने बदलतात, असे तुर्की भाषेसारखे काहीतरी त्यांना रेझियनमध्ये आढळले. त्यावरून या स्लाव्हांत कधीकाळी एखाद्या तुराणी टोळीचे रक्त आणि भाषा मिसळली असावी, असा तर्क त्यांनी बांधला. नंतरच्या अभ्यासकांनी तो अमान्य केला आणि रेझियनचे नाते उत्तरेकडील कॅरिंथियाच्या स्लोव्हेनी बोलींशी जोडून दाखवले. परंतु तर्क चुकला तरी त्यामागचा प्रश्न अचूक होता. शेजारी राहणाऱ्या भाषा एकमेकींत किती खोलवर झिरपतात? हा प्रश्न बोदुएन यांना आयुष्यभर पुरला.

१८७५ नंतरची काही वर्षे व्होल्गाकाठच्या कझान विद्यापीठात गेली. राजधानीपासून दूरच्या या गावात त्यांनी आणि त्यांचे शिष्य मिकोलाय क्रुशेव्हस्की यांनी भाषाशास्त्राचा पाया बदलणारे काम केले. तोंडातून निघणारा प्रत्यक्ष ध्वनी वेगळा आणि बोलणाऱ्याच्या मनात अर्थभेद करणारे ध्वनीचे एकक वेगळे, हे त्यांनी स्पष्ट केले. मराठी भाषाविज्ञानाच्या पुस्तकांत ‘स्वनिम’ या नावाने शिकवली जाणारी संकल्पना ती हीच. पुढे दोर्पात, म्हणजे आजचे एस्टोनियातील तार्तू, आणि तिथून क्राकोव असा प्रवास झाला. क्राकोवमध्ये त्यांची परखड राजकीय मते ऑस्ट्रियन सरकारला रुचली नाहीत. नेमणुकीची मुदत वाढवून मिळाली नाही आणि १९०० मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला परतले.

पदे बदलली, गावे बदलली, पण रेझिया सुटले नाही. सवड मिळेल तेव्हा ते खोऱ्यात येत राहिले. १८९५ मध्ये त्यांनी जमवलेल्या रेझियन संहितांचा मोठा संग्रह प्रसिद्ध झाला. १९०४ मध्ये शेजारच्या तोर्रे खोऱ्यातील स्लाव्ह बोलीचे नमुने आले. रेझियन शब्दकोशाचे त्यांचे हस्तलिखित मात्र त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते १९६६ मध्ये मॉस्कोत प्रकाशात आले.

रेझियासारख्या सीमेवरच्या बोलींनी त्यांना शिकवलेला धडा १९०१ च्या एका निबंधात सूत्ररूपाने आला. जगातली प्रत्येक भाषा संमिश्र आहे, निर्भेळ भाषा कुठेच नाही, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. भाषिक शुद्धतेच्या नावाखाली राष्ट्रे एकमेकांवर दात-ओठ खात असताना असे म्हणणे धाडसाचे होते. १९०३ ते १९०९ या काळात व्लादिमिर दाल यांच्या प्रसिद्ध रशियन शब्दकोशाची तिसरी आवृत्ती त्यांनी संपादित केली, तेव्हा लोकांच्या तोंडातले शिवराळ शब्दही गाळले नाहीत. सोवळ्या मंडळींनी टीकेचा भडिमार केला. भाषेची निवड अभ्यासकाने करायची नसते, तिची नोंद करायची असते, या भूमिकेवरून ते ढळले नाहीत.

हीच भूमिका त्यांनी राजकारणात नेली. एखाद्या भूमीवर बहुसंख्येने राहणाऱ्यांचीच ती भूमी, हे त्यांना मान्य नव्हते. माणसाने कोणत्या भाषेचे आणि राष्ट्रीयतेचे व्हावे, की कोणत्याच नाही, हे त्याने स्वतः ठरवावे, असे ते मानत. रशियन साम्राज्यातील राष्ट्रांच्या स्वायत्ततेवरील त्यांची पुस्तिका १९१३ मध्ये निघाली आणि सरकारचे पित्त खवळले. खटला झाला, शिक्षा झाली. साठी ओलांडून सत्तरीकडे झुकलेल्या या प्राध्यापकाला काही महिने तुरुंगात काढावे लागले.

१९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला आणि बोदुएन वॉर्सात परतले. ज्या पोलिश भाषेची गळचेपी त्यांनी तरुणपणी पाहिली होती, ती आता राज्यकर्त्यांची भाषा होती. मात्र नव्या देशातील सुमारे एक तृतीयांश नागरिक पोलिश नव्हते. कालचे पीडित आजचे पीडक होऊ नयेत, असा आग्रह धरताना त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला. १९२२ ची उमेदवारी या आग्रहाचीच पोचपावती होती. पुढच्या फेऱ्यांत ते मागे पडले आणि गाब्रिएल नारुतोविच राष्ट्राध्यक्ष झाले. अल्पसंख्याकांच्या मतांवर निवडून आल्याबद्दल राष्ट्रवाद्यांनी नारुतोविच यांच्याविरुद्ध गहजब केला आणि निवडीनंतर अवघ्या सात दिवसांत, १६ डिसेंबरला, त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. बोदुएन ज्या विखाराचा धोका सांगत होते, तो असा राजधानीतच प्रकटला. ३ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉर्सात बोदुएन यांचे निधन झाले.

रेझियाचे दिवसही पालटले. पोट भरण्यासाठी माणसे खोऱ्याबाहेर पडली. १९७६ च्या भीषण भूकंपांनी फ्रिउली हादरले, त्यात इथली घरेही कोसळली. आज या पंचायतीची लोकसंख्या हजाराच्या आसपास उरली आहे आणि युनेस्कोच्या यादीत रेझियनची गणना संकटग्रस्त भाषांत होते. २००१ च्या इटालियन कायद्याने स्लोव्हेनी अल्पसंख्याकांना संरक्षण दिले. पण आपली बोली स्लोव्हेनी नव्हेच, ती स्वतंत्र भाषा आहे, असे म्हणणारेही खोऱ्यात आहेत. रेझियन स्लाव्ह इतरांहून वेगळे, हे बोदुएन यांचे जुने मत या वादात अजूनही डोके वर काढते.

खुद्द बोदुएन यांचे उत्तर मात्र त्यांच्या आयुष्यातच सापडते. बोलीवर कोणती पाटी लावायची, याचा निवाडा त्यांनी बोलणाऱ्यावर सोपवला असता. त्या पाटीवरून भांडणाऱ्यांना आज खोऱ्यातल्या पणजोबांचे बोल हवे असतील, तर दोघांनाही एकाच ठिकाणी जावे लागते: दीडशे वर्षांपूर्वी परमुलखातून आलेल्या एका माणसाने कान देऊन उतरवून घेतलेल्या त्या वह्यांकडे.