आधी स्वतःला टोचून घेणारा शास्त्रज्ञ : वाल्देमार हाफकिन

पोलिओचे थेंब असोत की साप चावल्यावर दिले जाणारे इंजेक्शन, सरकारी दवाखान्यातल्या बाटल्यांवर हाफकिन हे नाव अनेकदा दिसते. ऊसतोड मजुरांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या परिचयाचे हे नाव एका माणसाचे आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. करोनाच्या काळात मास्क आणि लशीच्या सक्तीवरून गावोगावी वाद झाले. दिंद्रुडच्या पारावर काय किंवा मुंबईच्या लोकलमध्ये काय, प्रश्न एकच होता : शरीर माझे, मग ठरवणार कोण? सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न महाराष्ट्रासमोर फार भीषण रूपात उभा राहिला होता आणि त्या गोंधळाच्या मधोमध वाल्देमार हाफकिन उभे होते.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली त्या वेळच्या रशियन साम्राज्यात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना मेच्निकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. पण ज्यू असल्यामुळे विद्यापीठात पुढची वाट बंद होती. धर्म बदलला असता तर ती उघडली असती. त्यांनी बदलला नाही. १८८८ मध्ये देश सोडून ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले. तिथे सुरुवातीला त्यांना काम मिळाले ते ग्रंथपालाचे. फावल्या वेळात प्रयोगशाळेत बसून त्यांनी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी पहिल्यांदा टोचली ती स्वतःलाच.

१८९३ मध्ये ते भारतात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये बंगाली डॉक्टरांना सोबत घेऊन त्यांनी लस टोचली. तयार होईल त्यालाच टोचायची, हा त्यांचा नियम होता. त्या धावपळीत मलेरियाने त्यांना गाठले आणि १८९५ मध्ये उपचारासाठी युरोपला परतावे लागले.

ते परत आले त्याच सुमारास मुंबईत प्लेग शिरला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. जांघेत, काखेत गाठ, जबर ताप आणि काही दिवसांत मृत्यू. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच संसार मिळाला. प्लेगचे जंतू त्यांनी मांसाच्या सूपमध्ये वाढवले. गोमांस किंवा डुकराचे मांस म्हटले की लोक बिथरतील, हे ओळखून बकऱ्याचे मांस वापरले. सूपवर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढत. मग उष्णता देऊन ते मारले की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी या लशीचा १० मिलीचा मोठा डोस स्वतःला टोचून घेतला. ताप चढला, अंग ठणकले, पण दोन-तीन दिवसांत ते सावरले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. न टोचलेल्यांच्या तुलनेत टोचलेल्यांत आजार आणि मृत्यू दोन्ही स्पष्टपणे कमी दिसले.

सरकारची वाट मात्र वेगळी होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. त्याने घरात शिरून झडती घेण्याचे, आजाऱ्याला उचलून नेण्याचे, सामान जाळण्याचे अधिकार दिले. पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकडून घरोघर तपासणी करवली. देवघर, स्वयंपाकघर, बायामाणसांची खोली, कशाचाच मुलाहिजा राहिला नाही. लोक आजारी माणूस लपवू लागले, मढी गुपचूप पुरू लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच पुण्यात, त्याच साथीत, कुणाच्याही सक्तीविना सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा बळी घेतला.

या सक्तीतली मोठी चूक विज्ञानाने नंतर दाखवली. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून पसरतो. पॉल सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत ते दाखवले. सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे माणसांना घरातून ओढून काढले जात होते आणि उंदीर मात्र घरातच होते. गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहणारे शेतकरी नकळत अधिक शहाणपणाचे वागत होते.

हाफकिन यांनी माणसे जोडली. तरुण आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, खोजा समाजातील हजारो लोक त्यांच्यामागे आले आणि प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली जागाही दिली. १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंडेरा गावात हाफकिन यांनी प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले, २६ दगावले. घर तेच, अन्नपाणी तेच, उंदीरही तेच. या आकड्यांनी जे पटवले, ते बंदुकीला जमले नसते. अर्थात निम्म्या माणसांना लशीवाचून ठेवणारा असा प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणार नाही, हेही नोंदवायला हवे. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट.

विश्वास कमवायला वर्षे लागतात, गमवायला एक दिवस. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. चौकशीत बोट प्रयोगशाळेकडे दाखवले गेले आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले. पंजाबातली लसीकरणाची मोहीम कोसळली. खरे तर बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. दोष गावातला असण्याची शक्यता होती, शिक्षा मात्र हाफकिन भोगत होते. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिले, तेव्हा कुठे सरकारने त्यांना दोषमुक्त केले. ते कलकत्त्याला परतले, पण पूर्वीचा अधिकार मिळाला नाही. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ते युरोपला गेले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हा अविवाहित, एकाकी माणूस वारला.

१८९७ चा तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. पण करोना म्हणजे गाठीचा प्लेग नव्हे. प्लेगची लस नाकारणारा मुख्यतः स्वतःचा जीव धोक्यात घालत होता. करोना श्वासातून पसरतो, म्हणून बंद खोलीत मास्क न लावणाऱ्याचा धोका शेजारच्या म्हातारीलाही असतो. लशीने गंभीर आजार आणि मृत्यू खूप कमी झाले, संसर्ग मात्र पूर्ण थांबला नाही. स्वातंत्र्याची मर्यादा कुठे आखायची, हे म्हणूनच प्रत्येक रोगाच्या स्वभावावरून ठरवावे लागते. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच तोल सांभाळला : कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, मात्र समाजाच्या आरोग्यासाठी गरजेइतके आणि पुराव्याला धरून निर्बंध घालता येतील.

कायद्याला यापुढे जाता येत नाही. पुढचे काम गावातल्या डॉक्टरचे, आशाताईचे, शिक्षकाचे आणि सरपंचाचे. लस आली की त्यांनी आधी स्वतः रांगेत उभे राहावे, दुसऱ्या दिवशी ताप येऊ शकतो हे लोकांना आधीच सांगावे आणि काही चुकले तर ते लपवू नये. हाफकिन यांची पद्धत एवढीच होती. पुढच्या साथीतही ती उपयोगी पडेल.