अक्षरांच्या मांडणीचा उपासक : यान चिखोल्ट

ग्रंथालयात येणारा वाचक पुस्तक हाती घेतो तो लेखकाच्या भेटीसाठी. समास किती सोडला आहे, दोन ओळींमध्ये अंतर किती राखले आहे, अक्षराचे वळण कोणते आहे, यांकडे सहसा त्याचे लक्ष जात नाही. वाचन सुखाने होते, एवढेच त्याला जाणवते. या सुखासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा विसाव्या शतकातील मुद्रणकलावंतांत यान चिखोल्ट यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

चिखोल्ट यांचा जन्म २ एप्रिल १९०२ रोजी जर्मनीतील लाइपझिग येथे झाला. हे शहर म्हणजे जर्मन ग्रंथव्यवसायाचे माहेरघर. वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत, त्यामुळे कुंचला आणि अक्षर यांची ओळख घरातच झाली. चित्रकार होण्याची मुलाची इच्छा होती. परंतु त्यात पोटाची शाश्वती नाही असे आईवडिलांना वाटल्याने त्याने प्रथम चित्रकला-शिक्षकाचे शिक्षण घेतले. पुढे अक्षरांच्या ओढीने तो लाइपझिगच्या ग्रंथकला अकादमीत दाखल झाला आणि विशीच्या आतबाहेर असतानाच तेथे सुलेखनाचे वर्ग घेऊ लागला.

१९२३ साली वायमार येथील बाउहाउस संस्थेचे प्रदर्शन त्यांनी पाहिले आणि त्यांची दृष्टीच पालटली. रशियातील एल लिसित्स्की आणि हंगेरीचे मोहोय-नॉज यांच्या नव्या चित्ररचनेचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. त्या काळी जर्मन पुस्तके बहुधा ‘फ्राक्टूर’ या गुंतागुंतीच्या वळणात छापली जात आणि मजकूर पानाच्या मध्यरेषेवर तोलून धरण्याचा प्रघात होता. चिखोल्ट यांनी हे सारे नाकारले. टोकांचे फराटे नसलेले साधे अक्षर, डावी-उजवी बाजू मुद्दाम विषम ठेवणारी रचना, छायाचित्रांचा उपयोग, मोकळ्या जागेचे भान आणि कागदाचे प्रमाणित आकार ही त्यांची नवी सूत्रे होती. १९२५ मध्ये मुद्रकांच्या एका नियतकालिकाच्या विशेषांकातून त्यांनी ती मांडली आणि १९२८ मध्ये ‘डी नॉय टिपोग्राफी’ या ग्रंथात त्यांना शास्त्राचे रूप दिले. पाउल रेनर यांच्या निमंत्रणावरून ते १९२६ पासून म्युनिक येथे मुद्रकांना शिकवीत होते. तेथील एका चित्रपटगृहासाठी त्यांनी केलेली भित्तिपत्रके आजही अभ्यासली जातात.

मार्च १९३३ मध्ये नव्या नाझी राजवटीने त्यांना अटक केली. घरात सापडलेली सोव्हिएत भित्तिपत्रके संशयाला पुरेशी ठरली. पत्नी एडिथ यांनाही पकडण्यात आले. नोकरी गेली, काही आठवडे कोठडीत काढावे लागले. सुटका होताच ते पत्नी व लहान मुलासह स्वित्झर्लंडमधील बाझल येथे निघून गेले. तेथे एका प्रकाशनसंस्थेत तुटपुंज्या वेतनावर त्यांनी नव्याने संसार मांडला.

या विजनवासात त्यांच्या विचारांनी दुसरे वळण घेतले. जाहिरात आणि भित्तिपत्रक यांना शोभणारी रचना कादंबरीला किंवा काव्याला मानवेलच असे नाही, हे प्रत्यक्ष ग्रंथकामातून त्यांना कळू लागले. जुन्या मुद्रकांची मध्यरेषेवर तोललेली पाने त्यांनी पुन्हा स्वीकारली. १९४६ मध्ये स्विस कलावंत माक्स बिल यांनी त्यांच्यावर स्वमतद्रोहाचा आरोप केला. त्याला उत्तर देताना चिखोल्ट यांनी आपल्याच तरुणपणीच्या हट्टावर बोट ठेवले: एकच मार्ग खरा मानण्याची ती असहिष्णुता आणि ती लष्करी शिस्त नाझी वृत्तीशी नाते सांगणारी होती, असे त्यांचे म्हणणे पडले. हा निवाडा सर्वस्वी न्याय्य नव्हता, कारण नव्या रचनेच्या अनेक पुरस्कर्त्यांना त्याच राजवटीने देशोधडीला लावले होते. तथापि, ज्या ग्रंथाने आपल्याला कीर्ती दिली त्याचीच उलटतपासणी जाहीरपणे करण्यास मोठे मनोधैर्य लागते, हेही मान्य केले पाहिजे.

१९४७ मध्ये ॲलन लेन यांनी त्यांना इंग्लंडमध्ये ‘पेंग्विन’च्या कामासाठी पाचारण केले. स्वस्त पुस्तक म्हणजे गबाळे पुस्तक, हे समीकरण चिखोल्ट यांना मान्य नव्हते. पुस्तके निरनिराळ्या छापखान्यांत छापली जात आणि प्रत्येक ठिकाणचे जुळारी आपापल्या रीतीने खिळे जुळवीत. चिखोल्ट यांनी सर्वांसाठी अवघ्या चार पानांची नियमावली तयार केली. शब्दांमधील अंतर, परिच्छेदाची सुरुवात, विरामचिन्हे, तळटीपा अशा बारीकसारीक गोष्टी तीत ठरवून दिल्या होत्या. मोठ्या अक्षरांतील अंतर पट्टीने न मोजता डोळ्यांना सारखे दिसेल असे राखा, ही सूचना वारंवार लिहावी लागे म्हणून त्यांनी तिचा रबरी शिक्काच करून घेतला! मुखपृष्ठावरील ओळखीचे रंगपट्टे त्यांनी कायम ठेवले, मात्र अक्षरे आणि पेंग्विन पक्ष्याचे चित्र नव्याने सुधारून घेतले. जेमतेम तीन वर्षांत पाचशेहून अधिक पुस्तके त्यांच्या नजरेखालून गेली. पौंडाचे अवमूल्यन झाल्यावर १९४९ च्या अखेरीस ते स्वित्झर्लंडला परतले. त्यांच्या जागी आलेल्या हान्स श्मोलर यांनी तीच शिस्त पुढे चालविली.

उत्तरायुष्यात त्यांनी मध्ययुगीन हस्तलिखितांची मोजमापे घेऊन समासांचे गणित शोधले. २:३ प्रमाणाच्या पानावर आतील, वरचा, बाहेरील आणि खालचा समास २:३:४:६ असा असावा, हे त्यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. लाकडी ठशांवर छापलेल्या चिनी रंगीत चित्रांचेही ते रसिक अभ्यासक होते. १९६७ मध्ये त्यांचे ‘साबोन’ हे अक्षरवळण प्रकाशात आले. हाताने जुळविलेले असो वा लायनोटाइप आणि मोनोटाइप यंत्रांवर बसविलेले असो, अक्षर एकसारखेच दिसावे, अशी जर्मन मुद्रकांची मागणी होती. सोळाव्या शतकातील फ्रेंच अक्षरकार गारामों यांच्या वळणाचा आधार घेऊन चिखोल्ट यांनी ती पूर्ण केली.

११ ऑगस्ट १९७४ रोजी लोकार्नो येथे त्यांचे निधन झाले. नव्याचा पुरस्कार आणि जुन्याचा आदर अशी त्यांच्या आयुष्याची दोन टोके दिसली, तरी वाचकाच्या डोळ्यांची काळजी हा दोहोंना जोडणारा धागा कधी तुटला नाही. जुन्या कपाटातील त्या काळचे एखादे पेंग्विन पुस्तक उघडून त्याचे केवळ पान न्याहाळले, तरी त्याची साक्ष पटेल.