रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे : जुन्या कागदांतून दिसणारे चरित्र

आपल्या माळी समाजात रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु आदर आणि परिचय या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांची तसबीर अनेकांनी पाहिली असेल. त्यांचे चरित्र कोणकोणत्या कागदांवरून उभे राहिले, याची माहिती मात्र थोड्यांनाच असते. प्रस्तुत लेखात त्यांच्या आयुष्याबरोबर त्या कागदांचाही विचार करावयाचा आहे.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. शिक्षणही तेथेच झाले. परिस्थिती बेताची असल्यामुळे त्यांस लवकर नोकरी धरावी लागली. प्रथम रेल्वे, नंतर टपाल खाते व शेवटी मुंबईच्या मांडवी भागातील एका कापडगिरणीत कोठारावरील जागा, असा त्यांचा क्रम झाला. सामान्य मनुष्याच्या आयुष्यात येथवर वर्तमानपत्राने दखल घ्यावी असे काही नसते. अशा काळाची माहिती घरची टिपणे, शाळेचे दाखले व वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या हकिकती यांतूनच मिळावयाची. पण गिरणीतील या नोकरीचे महत्त्व मोठे आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणारा, आठवड्यातून एकही हक्काची सुटी नसलेला कामगार त्यांनी तेथे रोज डोळ्यांनी पाहिला.

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच विचाराचे ‘दीनबंधु’ हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास काढले. पैशाच्या अडचणीने ते चालेना. तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी नोकरी सोडली व ते पत्र मुंबईस आणून स्वतः चालविले. येथून पुढे त्यांचे आयुष्य व त्यांचे पत्र ही वेगळी काढता येत नाहीत.

दुर्दैवाने ‘दीनबंधु’चे सर्व अंक सुरक्षित राहिले नाहीत. परंतु एक आडमार्ग आहे. त्या काळी देशी पत्रांत काय छापून येते यावर सरकारची नजर असे. सरकारी भाषांतरकार निवडक मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्यास तयार करीत. मूळ अंक नष्ट झाला तरी त्यातील मजकुराची छाया या गोषवाऱ्यांत कधीकधी सापडते. मात्र ती वाचताना सावध असावे. सरकारला जे महत्त्वाचे वाटले तेवढेच तेथे आले आहे; संपादकाची भाषा व त्याचा आवेश तेथे शोधू नये.

मुंबई सरकारने १८८४ साली गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात लोखंडे यांनी परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. दर रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई, या त्यातील मुख्य मागण्या होत्या. आज त्या अगदी साध्या वाटतात. परंतु त्या मिळविण्यास सहा वर्षे जावी लागली व त्याही सर्व मिळाल्या नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याच्या सुटीची मागणी मान्य केली. त्याच वर्षी विधवांच्या केशवपनाविरुद्ध नाभिक बांधवांस एकत्र आणण्यातही त्यांचा पुढाकार होता.

चरित्र लिहिताना अडचणीच्या गोष्टी झाकण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे पहिले दोन भाग लोखंडे यांनी छापले व पुढील भाग छापण्याचे थांबविले. त्याबद्दल जोतीरावांनी त्यांच्या भित्रेपणावर उघड नापसंती दर्शविली. त्यांची ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ ही देखील आजच्या अर्थाची कामगार संघटना नव्हती. तिला वर्गणी नव्हती, सभासदांची नोंद नव्हती. या गोष्टी सांगितल्याने लोखंडे लहान होत नाहीत. उलट सरकार, मालक आणि स्वकीय यांच्यामध्ये उभे राहून त्यांनी किती तुटपुंज्या साधनांनी काम केले हे कळते.

१८९३ च्या हिंदु-मुसलमान दंग्यानंतर त्यांनी सलोख्यासाठी खटपट केली. १८९५ साली त्यांस रावबहादुर ही पदवी मिळाली. पुढील वर्षी मुंबईत प्लेग आला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले; नारायणराव रोग्यांच्या सेवेस राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने निवर्तले. एका महिन्याने, १० मार्च रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले यांचेही प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच निधन झाले. भारत सरकारने २००५ साली लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

लोखंडे आपले होते याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण त्यांनी मिळविलेला रविवार एका ज्ञातीचा नव्हता. गिरणीतील प्रत्येक हाताचा होता, हे विसरू नये.

आता सभासद कुटुंबांस एक विनंती. आपल्या पूर्वजांपैकी कोणी गिरणीत राबले असतील, कोणी मळा केला असेल, कोणी परळच्या त्या अर्जावर अंगठाही उठविला असेल. त्यांची नावे वर्तमानपत्रात यावयाची नाहीत. ती सापडतील जमिनीच्या उताऱ्यांत, शाळेच्या दाखल्यांत, जुन्या पत्रांत आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. पुरोहिताची मध्यस्थी नाकारणाऱ्या सत्यशोधकांच्या वंशजांनीही त्या वह्यांतील पूर्वजांच्या सह्या पाहण्यास संकोच करू नये. दिवाळीच्या साफसफाईत जुने कागद रद्दीत घालण्यापूर्वी एकदा वाचावेत, त्यांवरील तारखा टिपाव्यात आणि घरातील वृद्धांस त्यांविषयी विचारून घ्यावे. कागद मागाहून मिळेल. तो ओळखणारे माणूस मिळणार नाही.