गावशिवाराचा कर्मवीर : दादासाहेब गायकवाड

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यात आंबे नावाचे एक गाव आहे. भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म तेथे १५ ऑक्टोबर १९०२ रोजी एका महार कुटुंबात झाला. पुढे लोकांनी त्यांना दादासाहेब म्हटले, कर्मवीर म्हणून गौरविले. भारत सरकारने १९६८ साली पद्मश्री दिली. मुंबई विधानसभा, लोकसभा आणि राज्यसभा अशा तिन्ही सभागृहांत ते बसले. तरीही त्यांच्या राजकारणाचे माप आंब्यासारख्या गावाचे शिवार हेच राहिले, असे म्हटल्याने त्यांचा मोठेपणा उणावत नाही.

आपल्या शाळेत आज शिकणाऱ्या मुलांना वतन हा शब्द केवळ इतिहासाच्या पुस्तकात भेटतो. मीरा-भाईंदर हीच मुळात खेड्यांची वस्ती; १९८५ साली येथील ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका आली. पण येथे राहावयास आलेल्या आपल्यापैकी अनेकांची मुळे नाशिक, खानदेश, मराठवाडा वा कोकणातील गावांत आहेत, आणि ती गावे आपल्या आजोबांनी का सोडली याचे उत्तर पुष्कळदा या एका शब्दापाशी येऊन थांबते. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे.

महाराने गावाची चाकरी करावयाची, ती पाळीपाळीने. सरकारी अंमलदार आला की त्याचे ओझे पुढच्या गावच्या वेशीपर्यंत वाहून न्यायचे, साऱ्यासाठी शेतकऱ्याला चावडीवर बोलावून आणायचे, सरपण फोडायचे, मयताची वार्ता परगावी पोचवायची, मेलेले जनावर ओढून न्यायचे, शिवेचा तंटा झाला तर खुणा दाखवायच्या. या कामाला दिवस-रात्र नव्हती. पाळीचा माणूस घरी नसेल तर त्याच्या जागी घरातल्या दुसऱ्याला जावे लागे, मग तो शाळेत जाणारा मुलगा का असेना. मोबदल्यात हाडकी-हाडवळ्याची इनाम जमीन आणि सुगीला खळ्यावरचे बलुते. जमिनीचे भावकीत इतके तुकडे पडलेले असत की एका घराच्या वाट्याला काही हातांचाच पट्टा यावा. मात्र त्या पट्ट्यामुळेच माणूस स्वतःला वतनदार म्हणवून घेई. जी गोष्ट त्याला बांधून ठेवीत होती, तीच त्याच्या नावावरची एकमेव मालमत्ता होती. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांना सरकारइतकेच या मायेशीही झुंजावे लागले.

तरुण भाऊरावांनी नाशिकच्या विद्यार्थी वसतिगृहाचे अधीक्षकपण पत्करले ते याच काळात. वसतिगृहात मूल आले की ते गावच्या चाकरीच्या कक्षेबाहेर आले, हा त्याचा साधा, रोकडा अर्थ होता. वसतिगृहाच्या आधारावर वाढलेल्या आपणा सर्वांना तो वेगळा समजावून सांगावा लागू नये.

काळाराम मंदिराच्या सत्याग्रहामुळे दादासाहेबांचे नाव सर्वतोमुखी झाले. २ मार्च १९३० रोजी नाशिकात हजारोंचा मोर्चा निघाला. दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या चारी दरवाजांशी सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. सत्याग्रह समितीच्या चिटणीसपदाची धुरा दादासाहेबांकडे होती. रामनवमीला रथ ओढण्याबाबत झालेला समझोता मोडला गेला, दगडफेक झाली, हे सर्वांस ठाऊक आहे. स्मरणिकांतून व व्याख्यानांतून हा प्रसंग इतका सांगितला जातो की त्याची दुसरी बाजू मागे पडते. सत्याग्रह शहरात झाला. त्याची किंमत खेड्यांनी मोजली. जिल्ह्यातल्या गावागावांत अस्पृश्यांच्या वाटा अडविल्या गेल्या, मुलांना शाळा बंद झाल्या, बाजारात त्यांना जिन्नस मिळेनासे झाले. देवळाच्या दारात बसलेला सत्याग्रही संध्याकाळी नाशिकात निर्धास्त असे. त्याची म्हातारी आई मात्र गावात पाटलाच्या खळ्याबाहेर रिकामी टोपली घेऊन उभी असे. ही लढाई जवळजवळ पाच वर्षे तगून राहिली, याचे श्रेय चिटणिसाच्या चिकाटीला द्यावे लागेल. वर्गणी, तुकड्या, खटले, गावोगावच्या तक्रारी हे सारे त्यांच्या हातून गेले. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे वाचली की एका मोठ्या नेत्याने आपल्या सहकाऱ्यावर केवढा भार टाकला होता आणि केवढा विश्वासही, हे ध्यानात येते. १९३४ साली बाबासाहेबांनीच सत्याग्रह थांबविण्याचा सल्ला पत्राने दिला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. देवळाचे दार उघडले नव्हते. पण त्या दाराची गरज आता उरली नव्हती.

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने दादासाहेब मुंबई विधानसभेत गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने वतनी जमिनींवरील जुडी वाढविली, तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यातील हरेगाव येथे महार, मांग व वेठिया वतनदारांची परिषद भरून निषेध झाला. ज्या जमिनीपायी बिनमोल राबावयाचे, तिच्यावरच अधिक कर भरावयाचा, हा न्याय कोणालाही पटण्यासारखा नव्हता.

धम्मदीक्षेनंतर दोनच महिन्यांत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. वतनाचा प्रश्नही अखेर कायद्याने सुटला. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा १ फेब्रुवारी १९५९ पासून अमलात आला. चाकरी संपली. जमीन मात्र आपोआप मिळाली नाही. ठरावीक रक्कम भरून ती पुन्हा मागून घ्यावयाची होती, तीही विक्रीवरच्या अटींसह. ज्याच्याजवळ पैसा नव्हता, कागद नव्हता, ज्याची जमीन केव्हाच दुसऱ्याच्या वहिवाटीत गेली होती, त्याचे काय? आजही आपल्यापैकी अनेकांच्या घरी सातबारावर वर्ग ६ ब ही नोंद पाहून तलाठ्याच्या फेऱ्या चालू असतात.

दादासाहेबांच्या उत्तरायुष्याचा अर्थ येथे लागतो. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषिदिनापासून कसणारी कुळे मालक मानली जाऊ लागली. थोर सुधारणा होती ती. परंतु कूळ होण्यासाठीही कोणाची तरी जमीन कसावयास मिळालेली असावी लागते. गावकुसाबाहेरचा शेतमजूर मालकही नव्हता आणि कूळही नव्हता. कायद्याच्या खातेवहीत त्याचे पानच नव्हते. इतकी साधी गोष्ट विद्वानांच्या लक्षात येण्यापूर्वी दादासाहेबांच्या लक्षात आली, कारण त्यांनी गाव चावडीच्या बाजूने पाहिलेले नव्हते. सरकारच्या मालकीची पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, अशी मागणी घेऊन त्यांनी १९५९ साली मराठवाडा, खानदेश, नाशिक, नगर या भागांत सत्याग्रह उभारला. पडीक जमिनीत नांगर घालावयाचा आणि पोलीस आले की निमूट तुरुंगात जावयाचे, ही त्याची रीत.

पक्षातल्या शिकलेल्या मंडळींना हे रुचले नाही. बाबासाहेबांचा मार्ग घटनेचा, तुरुंग भरणे कम्युनिस्टांचे, अशी टीका झाली. त्याच वर्षी पक्ष फुटला; बी. सी. कांबळे यांचा गट दुरुस्त म्हणविला गेला आणि दादासाहेबांचा नादुरुस्त. एक पाटलोणवाल्यांचा, दुसरा धोतरवाल्यांचा, असाही उपहास होई. घटनेचा आग्रह धरणाऱ्यांची चिंता खोटी होती असे नाही. पण नगरातल्या वकिलाला भूक ही समस्या वाटते आणि खेड्यातल्या मजुराला ती आज संध्याकाळची गोष्ट असते. दोघांचे घड्याळ सारखे चालत नाही. दादासाहेबांनी मजुराच्या घड्याळाप्रमाणे चालावयाचे ठरविले.

दुसरा सत्याग्रह याहून मोठा झाला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी दिल्लीत मोर्चा नेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांचे निवेदन देण्यात आले. पडीक जमीन, किमान वेतन, बौद्धांना सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र अशा त्या मागण्या होत्या. ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, सत्याग्रह सुरू झाला आणि देशभर हजारो स्त्री-पुरुष तुरुंगांत गेले. तान्ही मुले काखेत घेऊन बाया गेल्या. १९६५ च्या प्रारंभी शासनाच्या आश्वासनानंतर तो मागे घेण्यात आला. महाराष्ट्राने नवबौद्धांना सवलती राज्यनिर्मितीबरोबर, १९६० मध्येच दिल्या होत्या. केंद्राच्या सवलतींना आणि त्या तैलचित्राला मात्र १९९० साल उजाडावे लागले.

त्यांच्या सगळ्याच निर्णयांचे समर्थन करता येईल असे नाही. १९६७ च्या सुमारास त्यांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी युती केली. सत्तेच्या जवळ राहिल्याने खेड्यातल्या माणसाची कामे होतील, असा त्यामागचा हिशेब असावा. काही कामे झालीही असतील. पण पक्षाची स्वतंत्र ताकद त्यात झिजली आणि भांडणे वाढली. २९ डिसेंबर १९७१ रोजी ते निवर्तले. त्यानंतरच्या काही महिन्यांत मुंबईत जी तरुण मंडळी दलित पँथर म्हणून उभी राहिली, त्यांच्या रागात या झिजलेल्या पक्षाविषयीचा रागही होता.

महाराष्ट्र शासनाने २००४ साली भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी जी योजना काढली, तिला कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे नाव आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यावयाची, अशी तिची तरतूद. ही जमीन शासन खाजगी मालकाकडून विकत घेते. दादासाहेबांनी मागितली होती ती सरकारच्याच मालकीची, पडून राहिलेली जमीन. विकणारा पुढे आला, त्याचा भाव शासनाला परवडला, जमीन कसण्याजोगी निघाली, तरच नव्या योजनेत सातबारावर नवे नाव चढते. आणि ते चढलेले पाहावयास मिळाले तर आंब्याच्या त्या माणसाच्या नावाखाली अजून एक कुटुंब आपल्या बांधावर उभे राहते.