डॉ. ड्यू बॉईस : आपल्या वस्तीचा अभ्यास करणारा विद्वान

अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी, २३ फेब्रुवारी १८६८ रोजी, ग्रेट बॅरिंग्टन या गावी एका काळ्या कुटुंबात विल्यम ड्यू बॉईस यांचा जन्म झाला. बाप लहानपणीच घर सोडून गेला. आईने कष्ट करून वाढवलं. पोरगं शिकत गेलं आणि १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

एवढे शिकूनही गोऱ्यांच्या विद्यापीठात त्यांना प्राध्यापकी मिळाली नाही. १८९६ मध्ये फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डातील काळ्या वस्तीची पाहणी करण्याचं काम तेवढं मिळालं. वस्ती वाईट, गुन्हेगार, असा बोभाटा होता. डॉक्टर तिथेच बिऱ्हाड करून राहिले, दारोदार हिंडले. घरात माणसं किती, भाडं किती, मजुरी किती, शिक्षण किती, सगळं टिपलं. १८९९ साली त्याचं पुस्तक निघालं. दोष रक्तात नाही, कारखान्यांची दारं बंद, भाडं जादा आणि पाठीवर गुलामगिरीचं ओझं, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं.

आम्हा गिरणीतल्या माणसांना हे नवं नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांना मुंबईच्या गिरण्यांत साचेखातं बंद होतं. चांगली मजुरी तिथंच होती!

१९०९ साली काळ्या लोकांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत डॉक्टर होते. १९१० ते १९३४ त्यांनी तिचं ‘द क्रायसिस’ मासिक चालवलं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे काळे लोक करीत असलेल्या अर्जाची प्रत मागितली. डॉक्टरांनी आपुलकीने उत्तर धाडलं.

२७ ऑगस्ट १९६३ रोजी घानातील अक्रा इथे, ९५ व्या वर्षी, ते गेले. पुढे १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलेजातील काळ्या आणि इतर वंचित समाजांच्या विद्यार्थ्यांनी आपला इतिहास शिकवा म्हणून काही महिने संप केला. १९६९ साली तिथं वांशिक अभ्यासाचं स्वतंत्र महाविद्यालय उभं राहिलं. डॉक्टरांनी एकट्याने घातलेल्या पायावर ही इमारत चढली, असं आम्ही मानतो.

वर्धापनदिनी आमचं मागणं एवढंच. विहारातल्या मुलामुलींच्या हाती वह्या द्या. आपल्या वस्तीची मोजणी त्यांनाच करू द्या. दुसऱ्याने आपल्याबद्दल काय लिहिलं, ते तपासायची ताकद त्यातूनच येईल.